लोकसहभागी कलाप्रकल्प : पर्यावरण आणि सामाजिक प्रश्नांवर काम करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढचे अडचणींचे. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेलं आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. लोकसहभागी कलाप्रकल्प म्हणजे नेमकं काय? वस्तीत एक भित्तिचित्र काढलं की झाला का?

ब्रश कोणी धरला यावरून ते ठरत नाही. विषय कोणता, जागा कोणती, रूप कोणतं आणि ते किती दिवस ठेवायचं, हे चार निर्णय कोणी घेतले ते बघा. यातले निदान दोन तिथल्या माणसांनी घेतले असतील तर प्रकल्प लोकसहभागी. चौघांनी बाहेरून आराखडा आणला आणि रविवारी शंभर जणांना रंग भरायला बोलावलं, तर ते सामूहिक रंगकाम. तेही मजेचं असतं, पण त्याला सहभाग म्हणू नका. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं वापरून घेणं, वरच्या टोकाला लोकांच्या हाती सूत्रं. अनुदानाचा अर्ज लिहायच्या आधी आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे प्रामाणिकपणे लिहून काढा. पुढचे निम्मे वाद तिथेच टळतात.

२. चित्रं काढून नदी स्वच्छ होते का? त्यापेक्षा कचरा उचललेला काय वाईट?

बहुतेक वेळा होत नाही. फुटलेली गटाराची पाइप दुरुस्त करायची असेल तर प्लंबर बोलवा, नाटक बसवू नका. अपवाद आहेत : मेल चिन या कलाकाराने १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराजवळच्या कचराभूमीवर कृषिशास्त्रज्ञ रुफस चेनी यांच्यासोबत जमिनीतले जड धातू शोषणारी झाडं लावली. कलाकृती आणि प्रयोग दोन्ही एकच.

पण कलेचं नेहमीचं काम वेगळं असतं. समोर असून न दिसणारी गोष्ट ती दाखवते आणि एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसं एका जागी आणते. मियर्ल लॅडरमन युकेलिस या कलाकाराने १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांना भेटून प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं. रस्ते त्याने जास्त झाडले गेले नाहीत, पण कचरा उचलणारं माणूस शहराला दिसलं. आणि कधीकधी धोरणही बदलतं, त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

३. कल्पना आहे, पण माणसं नाहीत. सुरुवात कुठून करायची?

कल्पना तात्पुरती बाजूला ठेवा. सहा महिन्यांच्या प्रकल्पात पहिले सहा आठवडे फक्त ऐकण्यासाठी राखून ठेवा. सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे लोकांनी काढलेला नकाशा. इंग्लंडमध्ये ‘कॉमन ग्राउंड’ या संस्थेने १९८० च्या दशकात गावोगावच्या लोकांना आपापल्या परिसराचे नकाशे करायला लावले. कापडावर, कागदावर, भरतकामात, आपल्याला मोलाचं काय वाटतं ते दाखवणारे.

करायचं असं. साधारण दोन मीटर बाय दीड मीटरचा जाड कागद टेबलावर पसरा. सहा ते आठ जणांचा गट पुरे. आधी प्रत्येकाने आपलं घर किंवा रोजची जागा एका खुणेने दाखवायची, मग रोजचा रस्ता. त्यानंतर तीन रंगांत तीन गोष्टी : काय जपायला हवं, काय त्रास देतं, काय नाहीसं झालं. शेवटच्या रंगाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, घाई करू नका. बंद झालेली विहीर, तोडलेलं झाड, बुजवलेला ओढा असलं सगळं तिथेच वर येतं. एका गटाला दीड तास धरा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एकच पेन असेल तर पेनवाला साहेब होतो, म्हणून माणसांपेक्षा खडू जास्त ठेवा. आणि एकाच वेळी बैठक ठेवली की रात्रपाळीचे, घरी मुलं-म्हातारी माणसं सांभाळणारे आणि दुकानं चालवणारे सुटतात. निदान तीन वेगळ्या वेळा ठेवा आणि नकाशे वेगवेगळेच राहू द्या, एकावर एक चढवू नका. बायकांच्या नकाशात अंधारा रस्ता असतो आणि पुरुषांच्या नकाशात तोच जवळचा रस्ता असतो. हा फरक हीच तुमची सामग्री.

४. कलाप्रकार कसा निवडायचा?

प्रश्नावरून. वाद मिटवायचा असेल किंवा वागणं बदलायचं असेल तर नाटक. हळूहळू होणारा बदल दाखवायचा असेल तर विणकाम, भरतकाम किंवा आकड्यांची कला (प्रश्न ११). जागेचा हक्क सांगायचा असेल तर भिंत. बोलायला अवघड असं काही असेल तर हाताला काम देणारा प्रकार घ्या. शिवताना माणसं एकमेकांकडे न बघता बोलू शकतात, आणि म्हणून बोलतात. कलाकाराला जे येतं तेच निवडलं जातं, ही सर्रास होणारी गोष्ट. त्याने नेहमी नुकसानच होतं असं नाही, पण ते उघड सांगा.

५. प्रेक्षकच मध्ये येऊन नाटक बदलतात, तो प्रकार कसा करायचा?

हे ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक आउगुस्तो बोआल यांचं मंच-नाट्य, अर्थात फोरम थिएटर. दहा ते पंधरा मिनिटांचा प्रसंग बसवा. मध्यवर्ती पात्राला काहीतरी हवं आहे, तो धडपडतो आणि हरतो. हरणं आवश्यक आहे, शेवट गोड केला तर प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. प्रसंग एकदा पूर्ण दाखवा. मग थोड्या वेगाने पुन्हा सुरू करा, आणि आता कोणीही “थांबा!” म्हणून मंचावर येऊन त्या पात्राची जागा घ्यायची. बाकीची पात्रं सहज मान तुकवत नाहीत, आपल्या स्वभावाप्रमाणे विरोध करतात.

नियम दोन. बदलायचं ते अन्याय सोसणारं पात्र. पाणी अडवणारा मुकादम एकदम दयाळू झाला तर प्रसंग संपला आणि शिकायला काही मिळालं नाही. दुसरं, जादूचे उपाय चालत नाहीत. “अचानक मंत्र्यांचा फोन आला” असं कोणी केलं की सूत्रधाराने प्रेक्षकांनाच विचारायचं, असं खरंच घडतं का?

माइकशिवाय साठ ते ऐंशी प्रेक्षक ही मर्यादा. एकूण वेळ दीड तास. पहिला माणूस मंचावर यायला बऱ्याचदा तीन-चार मिनिटं जातात, त्या शांततेला घाबरून सूत्रधार भाषण करायला लागला की खेळ बसला. बोआल स्वतः १९९३ ते १९९६ या काळात रिओ द जानेरोच्या नगरपरिषदेत होते. अशा खेळांतून आलेल्या सूचनांवरून तिथे १३ कायदे झाले. त्यामुळे प्रत्येक खेळात कोपऱ्यात एक माणूस सूचना लिहून घेण्यासाठीच बसवा.

६. भित्तिचित्र सहा महिन्यांत पोपडे धरून गळतं. असं का होतं?

जवळजवळ नेहमी ओलीमुळे, क्वचितच रंगामुळे. पारदर्शक प्लास्टिकचा साधारण दीड फूट चौरस तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर सीलबंद करा. २४ तासांनी आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत ओली आहे, रंगवू नका. पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसला तर तो कोरड्या ब्रशने काढा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. ओल कुठून येते हे शोधल्याशिवाय लोणा परत येणारच. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला निदान २८ दिवस द्या, कारण त्यातला अल्कली रंग खातो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर ॲक्रिलिकचा थर दिला की भिंतीचा श्वास कोंडतो आणि फुगे येतात. तिथे चुन्याचाच रंग वापरा.

प्रमाण सांगायचं तर गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये एका हाताचे आठ ते दहा चौरस मीटर होतात, खरबरीत भिंतीवर जेमतेम निम्मे. वीस चौरस मीटरच्या बऱ्यापैकी गुळगुळीत भिंतीला प्रायमर अडीच लिटर आणि पार्श्वभूमीचे दोन हात मिळून पाच लिटर धरा. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच वाळतो आणि पकड धरत नाही, म्हणून उन्हाच्या मागे राहून काम करा. जमिनीलगतची एक फूट पट्टी चित्रातून वगळा. पावसाचे शिंतोडे, चिखल आणि झाडू सगळ्यात आधी तिथेच लागतात. ती पट्टी एकाच गडद रंगाची ठेवली तर दरवर्षी कोणीही परत मारू शकतो. टिकाऊपणात गेरू, पिवळी माती, काळा ऑक्साइड हे मातीचे रंग पुढे. भडक लाल-पिवळे सेंद्रिय (म्हणजे कार्बनी रसायनांचे) रंग उन्हात आधी उडतात.

आणि ब्रश गटारात धुऊ नका. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच. आधी ब्रश जुन्या कागदावर पुसा, मग बादलीत धुवा. त्या पाण्यात थोडी तुरटी आणि थोडा विरलेला चुना ढवळला की रंगाच्या गुठळ्या होऊन तळाशी बसतात. वरचं पाणी फडक्यातून गाळा, गाळ वाळवून कचऱ्यात टाका. नदीवरच्या चित्रासाठी नदीत रंग सोडणारे प्रकल्प विरळ नाहीत.

७. चित्रकला न येणाऱ्यांना भिंतीवर सोडलं तर चित्र बिघडणार नाही का?

थर लावून काम वाटून द्या. मोठे रंगगट सर्वांनी, कडा आणि चेहरे सरावलेल्या हातांनी. कागदावरच्या आराखड्यात एक सेंटिमीटरचे चौकोन आणि भिंतीवर दहा सेंटिमीटरचे. प्रत्येक चौकोनाला क्रमांक द्या, म्हणजे आठ वर्षांचं मूलही ‘ग-७’ शोधू शकतं. जमिनीवर उभं राहून हात पोचेल तिथपर्यंतच सर्वांनी, परांचीवर फक्त सवय असलेल्या प्रौढांनी.

मोठ्या प्रमाणावर हे जमतं का असं विचाराल तर लॉस एंजेलिसची ‘ग्रेट वॉल’ बघा. चित्रकार जुडी बाका यांच्या मार्गदर्शनाखाली ४०० हून अधिक तरुणांनी १९७० आणि ८० च्या दशकांतल्या उन्हाळ्यांत जवळजवळ अर्धा मैल लांबीचं चित्र पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर रंगवलं. प्रत्येक टप्प्यात इतिहासातला एक काळ, त्यासाठी आधी अभ्यास, मग रंग.

८. मातीपासून रंग घरीच करता येतात का?

येतात, आणि कार्यशाळेसाठी याहून सोपं काही नाही. माती वाळवा, कुटा, बारीक चाळणीतून आणि मग सुती कापडातून चाळा. कागदासाठी डिंकाचं पाणी (एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर भिजवून) थेंबाथेंबाने मळत जा. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला, तडे गेले तर जास्त झाला. वेगवेगळ्या जागांची माती शेजारी शेजारी लावली की परिसराचा भूगोल आपोआप उलगडतो. मात्र जुन्या कारखान्यांच्या, बॅटरी दुरुस्तीच्या आणि मोठ्या रस्त्यांच्या कडेची माती घेऊ नका, तिच्यात शिसं असू शकतं. कोरडी भुकटी उडवताना नाकाला फडकं बांधा. बाहेरच्या भिंतीवर हा रंग पहिल्या पावसात वाहतो. तेच हवं असेल, तर उत्तमच.

९. टाकाऊ प्लास्टिकचं मोठं शिल्प करतो आहोत. काय काळजी घ्यावी?

आधी स्वतःला विचारा, नंतर ते कुठे जाणार? पातळ पिशव्या उन्हात काही महिन्यांत ठिसूळ होतात, मग त्यांचे तुकडे वाऱ्याने पसरतात. म्हणजे गोळा केलेला कचरा तुम्ही बारीक करून परत सोडला. शिल्प सावलीत किंवा थोड्या दिवसांसाठीच ठेवा आणि सुटं करता येईल असंच बांधा : तार, सुतळी, नटबोल्ट चालतील, गोंद आणि गरम गोंदाची बंदूक नको. निरनिराळ्या प्रकारचं प्लास्टिक एकमेकांना चिकटवलं की पुनर्वापराचा रस्ता बंद झाला.

थर्माकोल तापत्या तारेने कापताना येणारी वाफ घातक असते. पीव्हीसी तर तापवूच नका. गोळा करताना सुया, औषधांच्या बाटल्या, बॅटऱ्या, सिमेंटचे जुने पत्रे वगळा, जाड हातमोजे घाला. आणि जाळी, दोरे, मांजा लोंबते ठेवू नका, पक्षी अडकतात.

आमचं स्पष्ट मत असं की कचऱ्याचा मासा, कचऱ्याचं कासव असली शिल्पं आता फार झाली आहेत. माणसं फोटो काढतात आणि पुढे जातात. त्याऐवजी कचऱ्याची वर्गवारी उत्पादकाप्रमाणे किंवा वस्तूप्रमाणे मांडली तर तिच्यातून प्रश्न विचारता येतो : हे कोण बनवतं?

१०. बीजगोळे आणि बियांचे कागद वाटले तर चालेल ना?

वाटायला छान, उगवायला कठीण. बीजगोळ्याचं नेहमीचं प्रमाण पाच भाग चिकणमाती, तीन भाग बारीक खत, एक भाग बिया. पाणी जेमतेम, सुपारीएवढे गोळे, सावलीत दोन दिवस वाळवणं. चिकणमाती जास्त झाली तर अंकुर बाहेरच येत नाही, कमी झाली तर मुंग्या बिया उचलून नेतात. आधी दहा गोळे कुंडीत टाकून पाहा. दोन आठवड्यांत चारसुद्धा उगवले नाहीत तर मिश्रण बदला. बिया स्थानिकच हव्यात. कुठून आल्या ते माहीत नसलेलं ‘रानफुलांचं मिश्रण’ परकं तण पसरवू शकतं. आणि गवताळ माळ ही मोकळी जागा समजून झाडांच्या बिया टाकू नका, माळ हीच एक परिसंस्था आहे. झाडं लावायचीच असतील तर प्रश्न १९ मधलं कासेलचं उदाहरण वाचा.

११. आकडेवारी कलेत कशी आणायची? तक्ते लावले की लोक बघत नाहीत.

विणा. रोजच्या कमाल तापमानाची एक ओळ, वर्षाचा एक मफलर. सुईवरची एक ओळ साधारण चार मिलिमीटर धरली तर ३६५ ओळींचा मफलर दीड मीटर होतो. लांब हवा असेल तर रोज दोन ओळी. रंगांचे पट्टे आधी ठरवा : तीन अंशांना एक रंग, दहा-बारा रंग. मोजणीचं केंद्र एकच ठेवा, मध्येच बदललं की सगळं काम वाया. ज्या दिवसाचा आकडा नाही तिथे राखाडी ओळ घाला, अंदाजाने भरू नका.

इथे एक खाच आहे. चालू वर्षाच्या किमान-कमाल तापमानावरून रंग वाटले तर प्रत्येक वर्ष सारखंच रंगीबेरंगी दिसतं आणि बदल लपतो. म्हणून रंगपट्टा ठरवताना पन्नास वर्षांपूर्वीचं एक वर्ष आणि चालू वर्ष असे दोन्ही आकडे समोर ठेवा आणि दोन मफलर शेजारी टांगा. लोक हात लावतात, आपला वाढदिवस शोधतात आणि मग जुन्या मफलरमध्येही तोच दिवस बघतात. तिथे तुम्ही काही न बोललेलं बरं.

पाण्यासाठी २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली दर आठवड्याला नोंदवा. तेवढ्याच लांबीची निळी फीत दर आठवड्याला टांगली की गढूळपणा डोळ्यांना दिसतो. मोजण्याची वेळ आणि शक्यतो माणूसही तोच ठेवा.

क्रोशाचं प्रवाळही याच घरातलं. डाइना ताइमिना या गणितज्ञांनी १९९७ मध्ये क्रोशाने अतिपरवलयी (कडेकडे वाढत जाऊन झालरीसारखा चुरगळणारा) पृष्ठभाग विणून दाखवला. २००५ पासून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी त्यावरून प्रवाळांचा प्रकल्प उभा केला आणि तो अनेक देशांत पोचला. कृती एका ओळीची आहे : दर तीन टाक्यांनंतर एक टाका वाढवा. १२ टाक्यांनी सुरुवात केली तर आठव्या ओळीत टाके नव्वदच्या आसपास जातात आणि कड आपोआप चुरगळते. लोकर याच टप्प्यावर संपते, म्हणून नवख्यांना आठव्या ओळीला थांबवा.

१२. मिरवणुकीसाठी मोठी बाहुली किंवा मुखवटा करायचा आहे. कागदाचा लगदा फुटतो, बुरशी येते.

थर घाईने दिलेत. खळ अशी करा : एक भाग पीठ थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, चार भाग उकळत्या पाण्यात ओता, पाच मिनिटं ढवळा. खळ दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. मोरचूद घालून टिकवण्याचा जुना उपाय विषारी आहे, मुलं असतील तिथे नकोच. खळ लावलेल्या कागदाचे दोन थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग पुढचे दोन. एकूण सहा पुरे. ओल्या थरावर रंग मारला की आत बुरशी धरणारच.

एका माणसाच्या अंगावर आठ किलोंच्या वर वजन देऊ नका आणि जड भाग खाली, कमरेजवळ ठेवा. डोकं मोठं असेल तर त्याला मागून भोकं पाडा, नाहीतर वारा माणसाला ओढत नेतो. वीस मिनिटांनी उचलणारा बदलावा. पाण्याची बाटली घेऊन सोबत चालणारा माणूस वेगळाच हवा.

१३. लोक फार वैयक्तिक, दुःखाच्या गोष्टी सांगतात. त्या वापराव्यात का?

विचारून, आणि तेही तुकड्यातुकड्याने. नाव, चेहरा, आवाज आणि शब्द या चारही गोष्टींसाठी वेगवेगळी संमती घ्या. कोणाला शब्द द्यायचे असतात पण नाव नाही. सांगितल्यावर आठवड्याने पुन्हा विचारा, कारण बोलण्याच्या भरात दिलेली परवानगी दुसऱ्या दिवशी टोचते. संमती मागे घेण्याची शेवटची तारीख लिहून द्या : भिंत रंगवायच्या आधीची, छापायच्या आधीची.

सगळ्यात महत्त्वाचं, ती गोष्ट दाखवल्याने कोणाचं घर, नोकरी, जीव धोक्यात येतो का? १९७३ च्या लष्करी बंडानंतर चिलीत ज्या स्त्रियांची माणसं बेपत्ता झाली त्यांनी चिंध्यांची चित्रं शिवली. त्या कामात नाव न लावणं हेच संरक्षण होतं. उलट १९८७ च्या एड्स स्मृतिगोधडीत नाव लावणं हाच सगळा मुद्दा होता : प्रत्येक माणसासाठी तीन फूट बाय सहा फुटांचा तुकडा, असे आठ तुकडे जोडून बारा फुटांचा चौकोन. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये १,९२० तुकडे पसरले होते. नाव झाकायचं की मिरवायचं हे ज्याचं दुःख त्याने ठरवावं.

१४. लहान मुलांसोबत वेगळं काय?

फोटोसाठी पालकांची लेखी संमती आणि मुलाची तोंडी, दोन्ही. एकटं मूल आणि एकटा प्रौढ असं कधीच नको. आणि मुलांवर जगबुडीची चित्रं लादू नका : प्रश्न दाखवलात तर त्याच बैठकीत त्यांना करता येईल असं एक तरी काम द्या. बाकी सगळं मोठ्यांसारखंच.

१५. पैसे कशावर किती खर्च करावेत? आणि लोकांना मोबदला द्यायचा का?

ठोकताळा असा : कलाकार आणि संयोजकांचं मानधन ४५ टक्के, साहित्य २०, पुढची देखभाल १०, ये-जा, दुभाषी आणि मुलं सांभाळण्याची सोय १०, नोंदी आणि मूल्यमापन ५, अडीअडचणीसाठी १०. पहिला अंदाज करताना देखभालीचा आकडा शून्य असतो आणि साहित्याचा पन्नास, तिथेच गाडं अडतं.

लोकांच्या मोबदल्याबद्दल : एखाद्या दुपारी येऊन रंग भरणाऱ्याला नको. पण दर आठवड्याला येऊन माहिती देणारा, अनुवाद करणारा, शिकवणारा माणूस स्वयंसेवक नसतो, तो काम करत असतो. बाहेरचा कलाकार पैसे घेतो आणि तिथलीच जाणकार बाई फुकट राबते, ही विषमता सगळ्यांना दिसते. फक्त तोंडावर कोणी बोलत नाही.

१६. ज्या कंपनीमुळे प्रदूषण होतं तीच प्रायोजक व्हायला तयार आहे. घ्यावे का पैसे?

हा निर्णय एकट्या संयोजकाने घेऊ नये, लोकांसमोर ठेवावा. घ्यायचं ठरलं तर आधी लेखी घ्या : विषयात, मजकुरात ढवळाढवळ नाही, चित्रावर बोधचिन्ह नाही, आणि प्रकल्पाचा फोटो जाहिरातीत वापरायचा नाही. कंपनी शेवटच्या अटीवर अडून बसली तर ती कशासाठी आली होती ते कळलंच.

असाच प्रश्न वस्ती सुशोभित झाल्यावर येतो. रंगीत भिंती आल्या, जागांचं भाडं वाढलं, ज्यांनी रंगवल्या तेच बाहेर गेले. भाडेकरूंची वस्ती असेल तर घरहक्कावर काम करणाऱ्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या.

१७. भिंत कोणाची, चित्र कोणाचं? परवानगी कोणाची घ्यायची?

भिंतीच्या मालकाची लेखी, आणि ती रस्त्याला लागून असेल तर स्थानिक प्रशासनाचीही. त्या कागदात चार गोष्टी हव्यात : किती वर्षं ठेवायचं, डागडुजी कोण करणार, पुसायचं झाल्यास किती दिवस आधी कळवायचं, आणि फोटोंचे हक्क कोणाचे. भिंत मालकाची असली तरी चित्रावर कलाकाराचे नैतिक हक्क (म्हणजे आपलं काम कोणी बिघडवलं तर हरकत घेण्यासारखे हक्क) अनेक देशांच्या कायद्यात मान्य आहेत. न्यूयॉर्कमधल्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ इमारतीवरची चित्रं मालकाने २०१३ मध्ये पांढऱ्या रंगाने पुसली. २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलाकारांना ६७.५ लाख डॉलर द्यायला लावले. सामूहिक चित्रात हे हक्क कोणाच्या नावे, हे रंगवायच्या आधी ठरवा. नंतर ठरत नाही.

१८. विषयावरून लोकांत दोन तट पडलेत. आता?

पडू द्या, पण चित्रात दोन्ही दिसू द्या. धरण हवं म्हणणारे आणि नको म्हणणारे एकाच भिंतीवर असतील तर मधली जागा रिकामी ठेवून तिथे तारखेसह वेळोवेळी भर घालता येते. मतदान शेवटचा उपाय, कारण हरलेली बाजू पुढे ब्रश धरत नाही. एखाद्या गटाची निंदानालस्ती मात्र ‘दुसरी बाजू’ म्हणून भिंतीवर येऊ देऊ नका. ही मर्यादा पहिल्याच बैठकीत वाचून दाखवा, म्हणजे पुढे ती कोणा एकावर रोखलेली वाटत नाही.

१९. प्रकल्प संपल्यावर कलाकृतीचं काय?

शेवट आराखड्यातच लिहा : टिकवायची, झिजू द्यायची की काढायची. टिकवायची असेल तर दोन नावं आणि वार्षिक दिवस ठरवा. ‘समिती’ असं लिहिलं की कोणीच येत नाही.

शेवटाची सगळ्यात सुरेख आखणी जर्मन कलाकार योझेफ बॉइस यांची. १९८२ साली जर्मनीतल्या कासेलमध्ये संग्रहालयासमोर त्यांनी बेसाल्टच्या ७,००० शिळांचा ढीग घातला. एक झाड लागलं की त्याच्या शेजारी एक शिळा उभी करायची. ढीग बघूनच किती काम उरलंय ते अख्ख्या शहराला कळायचं, आणि तो हटवायचा एकच मार्ग होता, झाडं लावणं. बॉइस १९८६ मध्ये गेले, शेवटचं झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावलं. तुमच्या प्रकल्पातही उरलेलं काम असं उघड्यावर ठेवता आलं तर अहवालांची गरज निम्मी होते.

२०. कलाकृतीमुळेच प्रदूषण होत असेल तर?

मोजा आणि जाहीर करा. कलाकार ओलाफुर एलियासन यांनी ग्रीनलंडच्या खाडीतले बर्फाचे बारा ठोकळे २०१५ मध्ये पॅरिसला आणून वितळू दिले, तेव्हा वाहतुकीवरून टीका झाली. त्या प्रकल्पाचा कार्बन-हिशेब प्रसिद्ध करण्यात आला होता, त्यामुळे वाद निदान आकड्यांवर झाला. लहान प्रकल्पात सगळ्यात मोठा वाटा बहुधा माणसांच्या प्रवासाचा असतो, रंगाचा नाही. फुगे, चमकी आणि एकदाच वापरायचे फ्लेक्स यांना सरळ फाटा द्या.

२१. परिणाम कसा मोजायचा? देणगीदार आकडे मागतात.

हजेरीचा आकडा द्या, पण त्यावर थांबू नका. सुरू करण्याआधी तीन प्रश्न वीस-तीस जणांना विचारून ठेवा : तक्रार कोणाकडे करायची माहीत आहे का, गेल्या महिन्यात या विषयावर शेजाऱ्याशी बोललात का, पुढच्या बैठकीला याल का. तेच प्रश्न तीन महिन्यांनी आणि वर्षाने. ‘तुम्हाला कार्यक्रम आवडला का’ हे विचारू नका, यजमानासमोर सगळे हो म्हणतात. वर्षाने आणखी दोन गोष्टी बघा : तुमच्याशिवाय कोणी बैठक बोलावली का, आणि खराब झालेला भाग कोणी न सांगता दुरुस्त केला का.

२२. लोकांनी एकमताने जे ठरवलं तेच शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं असेल तर?

होतं असं. ओढ्याकाठी सगळ्यांना दिखाऊ परदेशी झाडं हवी असतात, किंवा आजाराचं खापर चुकीच्या कारणावर फुटतं. नकाराधिकार वापरू नका आणि मान डोलावून चुकीची गोष्ट पाच वर्षांसाठी भिंतीवरही लावू नका. काम दोन आठवडे थांबवा. विषयाचा जाणकार बोलवा, पण व्याख्यानाला नाही, सोबत फेरी मारायला : ओढ्याच्या काठाने चालताना कुठली झाडं पक्ष्यांनी भरलेली आहेत आणि कुठली रिकामी, हे लोक स्वतः मोजतात. तरीही मत बदललं नाही तर तो भाग तात्पुरत्या माध्यमात, म्हणजे कापडावर किंवा खडूने करा आणि कायमच्या कामातून वगळा. आणि जाणकाराचं म्हणणं दर वेळी बरोबर असतं असंही नाही. पूर कुठवर येतो हे बऱ्याचदा तिथल्या जुन्या माणसांना नकाशापेक्षा नेमकं ठाऊक असतं, तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ त्यांच्याच हाताने मारून घ्या आणि खाली वर्ष लिहा.